सुई उडू नये म्हणून

"लग्नाले चाललो का गा रुपराव आपन?" सासूबाई म्हणाल्या. "ते बंद कर आधी."

गाडीत शहनाई सुरू झाली होती. मी मागच्या सीटवर आडवी होते. पाठीखाली दुहेरी गादी, पाय सासूबाईंच्या मांडीवर आणि डोळ्यांसमोर अम्बॅसेडरचं पिवळट पडलेलं छत. उमरेडच्या डॉक्टरीणबाई खिडकीशी वाकून रुपरावांना पुन्हा तेच सांगत होत्या. धक्का बसता कामा नये. रक्त थांबलंय, पण थांबलंय एवढंच. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते तसंच थांबून राहिलं पाहिजे.

"माय," रुपराव मागे न बघता म्हणाले, "हे वाजप तुमच्यासाठी नाई लावलं. माह्यासाठी लावलं."

"तुह्यासाठी? इथं सुनेचा जीव टांगणीले लागला, अन् तू शहनाई आयकत चालला?"

"हो जी. आयकतच जातो."

गाडी निघाली ती मला कळलीच नाही. छतावरची झाडाची सावली सरकली तेव्हा कळलं.

हे माझं तिसरं बाळंतपण. बाळंतपण तरी कसं म्हणू, आधीच्या दोन वेळा तिथवर गोष्ट गेलीच नव्हती. या वेळी सातवा लागला आणि सासूबाईंनी हौसेने डोहाळजेवणाला उमरेडला नेलं. हिरवा चुडा भरला, फुलांची वाडी भरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात मी भिंतीला धरून खाली बसले. मामंजींनी नागपूरला फोन लावला. हे म्हणाले, जीप नको, दवाखान्याची गाडीही नको, मी रुपरावांना पाठवतो. ते येतील तोवर तिला हलवू नका.

सासूबाईंना ते पटलं नव्हतं. रुपराव म्हणजे सक्करदऱ्याला आमच्या मागच्या गल्लीत राहणारे, भाड्याची गाडी चालवणारे. त्यांच्यात विशेष काय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगून पटण्यासारखं ते नव्हतंही.

रुपरावांच्या गाडीत, डॅशबोर्डवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या खाली एक पेटी होती. जेवणाच्या डब्याएवढी, पुढच्या बाजूला चपटी फट असलेली. त्या फटीत लहान तबकडी सरकवली की आत खट्ट व्हायचं आणि चालत्या गाडीत गाणं सुरू व्हायचं. धरमपेठेत राहणाऱ्या, कोळसा खाणीवरच्या एका साहेबांनी गाडी विकायला काढली, तेव्हा ही पेटी तिच्यातून निघाली. गाडी कोणी घेतली ठाऊक नाही. पेटी रुपरावांनी घेतली. केवढ्याला, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही.

त्यांची बायको प्रयागबाई नळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलायची.

"कंदिलाची काच फुटून हाय केव्हाची. अन् यायनं गाडीले बाजा आनला."

"बाजा नाई वं, प्लेअर हाय तो."

"वाजते तं बाजाच."

"लग्नाचे लोक आपल्याच गाडीले बोलावतीन, पाहा तू."

बोलावलंही. पहिलीच वरात रामटेकची. रस्ता खड्ड्यांचा, प्रत्येक खड्ड्याला आतली सुई उडे आणि गाणारी बाई एकाच शब्दावर परत परत येई. नवरदेवाच्या मित्रांनी तो शब्द उचलला. रामटेकपर्यंत तो म्हटला, मांडवात म्हटला, परतताना नव्या नवरीसमोरही म्हटला. नवरदेव उतरताना म्हणाला, "काका, एक काम करा, हे विका अन् हॉर्न चांगला बसवा." लग्नाची भाडी तिथेच संपली.

दुसरा कोणी असता तर पेटी काढून ठेवली असती. रुपरावांनी रस्ता शिकायला घेतला.

रिकामी गाडी घेऊन ते सक्करदऱ्याच्या तलावाच्या बाजूने फेऱ्या मारू लागले. सुई उडाली की थांबायचं, गाडी मागे घ्यायची आणि त्याच खड्ड्यावरून पुन्हा जायचं. वेगळ्या गिअरमध्ये, वेगळ्या वेगाने, चाक थोडं इकडे घेऊन. गाणी त्यांनी काढून ठेवली. गाण्यात शब्दांच्या मधल्या फटीत उडी लपते, कळत नाही, असं ते म्हणत. शहनाईचा सूर लांब असतो, त्याला जरा ओरखडा पडला तरी कान टवकारतो. म्हणून शहनाईची तबकडी. कधी मधेच एखादं गिऱ्हाईक बसलेलं असायचं आणि विचारायचं, "काहून मांगं चालले भाऊ?"

"सुई उडाली."

"तं उडू द्या ना. मले कोर्टात जायचं हाय."

"एक डाव फक्त. ह्या खड्ड्याचं मले समजलं पायजे."

गल्लीतल्या लोकांनी त्यांना येडं ठरवलं. मग कोणाच्या तरी म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं. रिक्षात ती किंचाळत होती. रुपरावांच्या गाडीत ती लकडगंजच्या दवाखान्यापर्यंत झोपून गेली. तिच्यानंतर ऑपरेशनची माणसं येऊ लागली, कोणाची काचेची कपाटं, आणि मग पोटुशा बायका. लग्नांसाठी घेतलेली पेटी दवाखान्याच्या वाटेला लागली. प्रयागबाई म्हणायची, "नवरदेव मांगत होते, बाळंतिनी भेटल्या." रुपराव हसायचे. पण गाडी झेंडूच्या माळांनी सजलेली बघायची त्यांची इच्छा गेली नव्हती. दसऱ्याला ते सगळ्यांपेक्षा जास्त फुलं आणायचे.

तर त्या दिवशी ती शहनाई माझ्या डोक्याशी वाजत होती, आणि मी पोटावर हात ठेवून आत कोणी हलतंय का ते बघत होते. सकाळपासून हललं नव्हतं.

तबकडी संपायची, रुपराव न बघता ती काढून पुन्हा सरकवायचे. समोरून कोळशाचे ट्रक यायचे. ट्रक दिसला की ते आधीच गाडी डांबरावरून खाली कडेच्या मातीत घ्यायचे, हळूहळू, तिरकी, पाण्यात म्हैस उतरावी तशी. आणि ट्रक गेला की तशीच वर. ब्रेक त्यांनी लावलेला मला आठवत नाही. गाडी आपली आपण मंदावायची. पाचगावच्या अलीकडे एकदा सूर थरथरला, तेवढ्याने त्यांची मान ताठ झाली.

"दुखलं का जी ताई?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच नाही. तुम्ही चला."

सासूबाईंनी माझी पावलं दोन्ही हातांत घट्ट धरली होती, जणू त्या सैल सोडतील तर आतलं निसटेल.

पुढे छोट्या रेल्वेचं फाटक आलं. फाटक उघडं होतं, तरी रुपरावांनी गाडी थांबवली आणि खाली उतरले. रुळांच्या मधली माती खचून गेली होती आणि रूळ वर आले होते. ते तिथे उकिडवे बसले, हाताने खोली बघितली, उठले, पुन्हा बसले. मागे ट्रक लागला होता. त्याचा ड्रायव्हर हॉर्न दाबून ओरडला.

"ओ चाचा, बारात रुकी है क्या?"

"बारातच समझो भाई," रुपराव म्हणाले. "जरा दम धरो."

पलीकडून भाताच्या तणसाने भरलेली एक बैलगाडी येत होती. रुपराव हात आडवा करून तिच्यासमोर उभे राहिले.

"पाटील, तनस पायजे. रुळायच्या मंदात भरतो."

गाडीवान धोंडबा नावाचा, पुढे त्याचं नाव कळलं, तो म्हणाला, "बैलायचं खानं हाय ते. रस्त्यावर टाकाले नाई आनलं."

"गाडीत पोटुशी बाई हाय. धक्का लागला तं लेकरू जाते."

धोंडबाने मान वाकवून आमच्या गाडीत पाहिलं. सासूबाईंशी त्याची नजरानजर झाली असावी. त्याने जू उतरवलं नाही, नुसता मागे गेला आणि तणसाचे भारे खाली ढकलू लागला. "बैलायले मी काय सांगू आता?" एवढं मात्र तो पुटपुटला. हॉर्न वाजवणारा ट्रकवालाही उतरला आणि पायाने तणस दाबू लागला. फाटकवाल्याने स्वतःच्या खोलीतली रिकामी पोती आणून वर अंथरली, आणि मग घड्याळ बघून म्हणाला, "उरका बापा, पॅसेंजर निघाली तिकून."

रुपराव गाडीत बसले. तबकडी नव्याने सरकवली. खट्ट. शहनाई सुरू झाली, आणि तिचा सूर लांबू लागला तशी गाडी चढली. मी डोळे मिटले. पुढची चाकं एका रुळावर आली, उतरली, दुसऱ्यावर आली. सूर एवढासा वाकला. तुटला नाही. मागची चाकं आली तेव्हा मी श्वास धरला होता आणि सासूबाईंची नखं माझ्या घोट्यात रुतली होती. मग खाली डांबराचा आवाज आला.

"झालं," रुपराव म्हणाले.

मागे ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, या वेळी हळू.

आणि तिथून थोडंच पुढे गेल्यावर पेटीतून घरघर आली आणि शहनाई बंद पडली. रुपरावांनी तबकडी काढून पुन्हा घातली. नुसतीच घरघर. तिसऱ्यांदा ती आत गेली ती बाहेरही येईना.

गाडीत एकदम शांत झालं. इंजिनचा, वाऱ्याचा, माझ्या बांगड्यांचा आवाज येऊ लागला.

"काहून बंद केलं गा?" सासूबाई म्हणाल्या.

"बंद पडलं माय."

"लाव ना मंग."

"लागत नाई. आतमंदी फसली."

"आता कसं समजन तुले?"

रुपरावांनी पेटीवरचा हात काढून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. गाडी आणखी सावकाश झाली. त्यांच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. पुढे दिघोरीपर्यंतचा रस्ता सगळ्यात वाईट, हे मला ठाऊक होतं, त्यांनाही. मग मला एक बारीक आवाज आला. आधी वाटलं पेटी सुरू झाली. रुपराव नाकातल्या नाकात तोच सूर धरत होते. त्यांना गाता येत नव्हतं. आवाज जाडाभरडा, तंबाखूने बसलेला. पण तो सूर ते लांबवत होते, श्वास संपेपर्यंत, मग घाईने श्वास घेऊन पुन्हा तिथूनच. गाडी जरा हलली की त्यांचा आवाज हलायचा, आणि तो हलू नये म्हणून ते गाडी सांभाळायचे. कशाने काय सांभाळलं जात होतं हे सांगता येणार नाही. दिघोरी गेली. सक्करदऱ्याचा तलाव डाव्या खिडकीतून चमकला. ओळखीची घरं उलटी उलटी जाऊ लागली. रुपरावांचा घसा फाटत आला होता, तरी त्यांनी सूर सोडला नाही.

मेडिकलच्या दारात हे उभे होते. स्ट्रेचर आलं. त्या गडबडीत मी रुपरावांकडे बघितलंही नाही.

आत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी पोटावर टेकवून कान लावला. त्या बराच वेळ वाकलेल्या होत्या. जागा बदलली, पुन्हा कान लावला. मी त्यांच्या केसांतल्या काळ्या पिनेकडे बघत राहिले. मग त्या सरळ झाल्या.

"ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "चांगले आहेत. आता बाळंत होईपर्यंत इथून उठायचं नाही. कोणत्या गाडीने आलात?"

मी रडत होते.

खाट तळमजल्यावर, खिडकीशी मिळाली. बाहेर कडुनिंबाखाली रुपरावांची गाडी उभी होती, आणि ते अजून तसेच स्टिअरिंगच्या चाकामागे बसलेले. हे त्यांच्याशी काही बोलले. मग यांनी दार उघडलं, वाकले आणि त्यांचं एकेक बोट चाकावरून सोडवलं. रुपराव उतरून पायरीवर बसले. हात गुडघ्यांवर ठेवलेले, बोटं आकड्यासारखी वळलेली. ते आपल्या हातांकडे बघत होते, दुसऱ्याचे असावेत तसे.

सासूबाई कँटीनकडून येताना दिसल्या. हातात कपबशी. माझ्यासाठी असेल असं मला वाटलं, पण त्या कडुनिंबाकडे वळल्या.

रुपराव आमच्याकडे चहा घेत नसत. सासूबाई नागपूरला राहायला आल्या की रुपरावांसाठी कोनाड्यातली वेगळी कपबशी निघायची, आणि ते दारातूनच "आत्ताच झाला जी" म्हणून परतायचे. दर वेळी हसून.

सासूबाईंनी कपातला चहा बशीत ओतला. कप गाडीच्या टपावर ठेवला. मग वाकून त्यांनी बशी रुपरावांच्या ओठांपाशी नेली.

"घ्या जी," त्या म्हणाल्या. "हात नाई चालत तुमचे."

रुपरावांनी बशीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"राहू द्या माय," ते म्हणाले. घसा पार बसला होता, मला जेमतेम ऐकू आलं. "हात खुलू द्या जरा. मी माह्या हातानं घेतो."

आता त्या रागावतील, मला वाटलं. बशी तिथेच ठेवून निघून येतील. त्या कोणासाठी थांबणाऱ्या नव्हेत. मामंजी वेळेवर आले नाहीत तर त्यांचं ताटही त्या झाकून टाकतात.

सासूबाई सरळ झाल्या. बशी दोन्ही हातांत धरून तिथेच उभ्या राहिल्या. रुपराव एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं हळूहळू उलगडत होते. त्यांना घाई नव्हती. वाऱ्याने बशीतल्या चहावर सुरकुती धरली. सासूबाईंचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला, खांद्यावरूनही घसरू लागला, आणि तो सावरायला त्यांचा हात मोकळा नव्हता.