निळी मैना आणि मी

मित्रांनो, मी पलूसच्या एका छापखान्यातला जुना संगणक आहे. सत्त्याण्णव साली मालक लालासाहेबांनी मला सांगलीहून जीपमधून मांडीवर घेऊन आणलं. फौजेतून निवृत्त झालेला हा करडा माणूस माझ्या खोलीत चप्पल काढूनच यायचा. अक्षरजुळणी करणाऱ्या उमाने मला कापडी झबलं शिवलं होतं. आसपासच्या लग्नपत्रिका माझ्याच हातून जुळत. मी शेफारलो होतो, हे कबूल करतो.

दोन वर्षांनी टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं. पत्रिकांसाठी उमाने वेलबुट्टीचा एक फुकट प्रोग्रॅम उतरवून घेतला. तो बसवताना पडद्यावर इंग्रजीत प्रश्नांमागून प्रश्न येऊ लागले. उमा वाचायला थांबली.

"वाचत काय बसलीस? इचारलं की 'येस सर' म्हनायचं. फौजेत आमी वीस वर्सं तेच केलं," लालासाहेब म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सगळीकडे 'येस' दाबलं.

वेलबुट्टीच्या पाठोपाठ एक निळी मैना न बोलावता आली. ती पडद्यावर उड्या मारायची, मुजरा करायची, मधेच जाहिराती दाखवायची. गिऱ्हाइकं तिला बघायला गर्दी करू लागली. लालासाहेबही म्हणायचे, "लय गुणाची हाय." माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझी स्मरणशक्ती खाऊन ती नाचत होती आणि कौतुक मात्र तिचं. मी पार मंदावलो. मला झबलं घालायचंही उमा विसरू लागली.

एके दिवशी जोतीराम नावाचं गिऱ्हाईक मुलीची लग्नपत्रिका न्यायला आलं, तर पत्रिका पडद्यावरच अडकून बसलेली. लालासाहेब वैतागले. "म्हातारा झालाय ह्यो. उद्या भंगारात घालू."

"आवं काका, त्याचं वय न्हाई झालं," उमा म्हणाली. "तवा आपण सगळ्याला 'येस' म्हटलं, त्याचं हे हाय."

तिने मैनेला काढायला घेतलं. मैनेने पंखात तोंड लपवलं आणि रडत विचारलं, 'मला राहू देणार ना?' उमाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. लालासाहेबांचं बोट सवयीने 'येस'कडे गेलं आणि तिथेच थांबलं.

"न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांनी शेजारचं बटण दाबलं.

घटकाभरात पत्रिका निघाली. लालासाहेबांनी माझ्या तापलेल्या टाळूवर हात ठेवला. "चूक माझी हुती रं."

आज मी माळ्यावर आहे. खाली नवा संगणक माझंच झबलं घालून बसतो, त्याचाही मला हेवा वाटतो. मैनेच्या रडण्याची मात्र अजून दया येत नाही. मित्रांनो, फुकटच्या वस्तूबरोबर कोण घरात शिरतंय ते आधी वाचा. आणि जुनं यंत्र अडखळलं, तर त्याला म्हातारं ठरवण्याआधी, आपण कशाकशाला 'हो' म्हटलं होतं ते आठवा.