घोणीच्या अंगावरचे पांढरे ठिपके

घटस्फोट झाल्यावर इरावतीने पुस्तकं नेली, कुंड्या नेल्या, भिंतीवरचं घड्याळसुद्धा उतरवून नेलं. मागे राहिली ती एक घोण. पुण्यात भाड्याच्या खोलीवर मालकीणबाईंना मांजरही चालत नव्हतं. तिथे वीतभर लांब, बेचाळीस पायांचा विषारी जीव कोण खपवून घेणार? "दोन महिने सांभाळ, जागा बदलली की नेते," असं म्हणून ती गेली आणि परेशच्या हातात काचेची पेटी आली.

इरावती प्राणिशास्त्र शिकवायची. इंदूरला असताना विद्यार्थ्यांना घेऊन गौतमपुऱ्याकडे गेली होती, तेव्हा एका शेताच्या बांधावर दगडाखाली ही घोण सापडली. तिने लाडाने नाव ठेवलं कमळी. परेश अजून इंदूरलाच होता आणि जवळच्या पिथमपूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घोणीला झुरळ टाकायचं, एवढंच त्याचं आयुष्य उरलं होतं. दर रविवारी इरावतीचा फोन यायचा, तोही पाच मिनिटांचा. पाणी ठेवलंस का, खाल्लं का, बरं ठेवते.

ऑगस्टात कमळीच्या पायांच्या सांध्यांपाशी पांढरे ठिपके दिसले. परेशने फोटो पाठवला आणि मिनिटभरात फोन वाजला.

"भिंग घे आणि नीट बघ. ठिपके फिरतायत की एकाच जागी रुतून बसलेत?"

"फिरतायत यार. पण एकदम धीरे धीरे."

"तोंडापाशी धाग्यासारखं काही वळवळतंय?"

"नाही गं, तोंड एकदम साफ आहे."

"मग घाबरू नकोस. रुतून बसणारे रक्त पितात आणि तोंडातले जंत तर जीवच घेतात. हे फिरणारे किडे नुसते उष्ट्यावर जगतात. पेटीत शिळं काही ठेवू नकोस, माती बदल, जरा कोरडी ठेव. उद्या परत बघते."

दुसऱ्या दिवशी तिने खरंच फोन केला. तिसऱ्या दिवशीही केला. दहा मिनिटं कमळीची, मग तिच्या कॉलेजातली भांडणं, त्याचा खडूस साहेब, असं करत तास व्हायचा. एकदा ती खळखळून हसली. दोन वर्षांत परेशने ते हसू ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ वेड्यासारखा एकटाच हसत बसला.

आठ दिवसांत ठिपके कमी झाले. "वा, बरी होतेय की!" इरावती म्हणाली आणि परेश मनात हिशेब करू लागला. बरी झाली की पुन्हा रविवार आणि पुन्हा पाच मिनिटं!

ठिपके आले कुठून, हे त्याला एव्हाना कळलं होतं. सकाळी तो पेटीपाशी उभा राहूनच पोहे खायचा, आणि इंदुरी पोह्यांवर मूठभर शेव नसेल तर ते पोहे कसले? जाळीतून चुरा आत पडायचा, ओल्या मातीत बेसन भिजायचं आणि किड्यांची चंगळ व्हायची. त्या सकाळी त्याने चिमूटभर शेव बोटांनी चुरडली आणि मुद्दाम आत टाकली. लगेच ती वेचून काढावी असं वाटलं, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी तेही वाटलं नाही. एकटेपणाची कीव करावी, पण या कृत्याची करवत नाही.

"साफ करतोयस ना?" इरावती विचारायची.

"रोज करतो. तरी जात नाहीत ना!"

तीन आठवडे हे चाललं. कमळीचं पोट किड्यांनी पांढरं झालं. तिने खाणं सोडलं, लपणं सोडलं. उजेडात तशीच पसरून राहायची. परेशला भीती वाटत होती, तरी फोनवर तो एवढंच म्हणायचा, "थोडी सुस्त आहे."

शेवटी इरावतीने चिकटपट्टीवर थोडे किडे उचलून कुरिअर करायला सांगितलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? त्याने पट्टी पाठवली. त्यानंतर तीन दिवस फोन आला नाही आणि चौथ्या दिवशी दुपारी तीच दारात उभी राहिली.

परेशला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण झाला आनंदच. "अगं, कळवायचंस ना! बस, चहा टाकतो."

ती थेट पेटीपाशी गेली. तासभर ओल्या कुंचल्याने कमळीचं अंग साफ करत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "श्वास घ्यायची भोकं बुजलीत हिची. अजून दोन दिवसांत गुदमरून मेली असती. पट्टीवर बेसन होतं परेश, हळदीसकट."

"सांडलं असेल गं. मी इथेच खातो ना."

"मातीत थर आहेत. शिळं आहे, ताजंही आहे. आज सकाळचं आहे."

परेश खाली बसला. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मला वाटलं, ही बरी झाली की तू फोन बंद करशील."

इरावतीने कुंचला खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला राग येत होता. "हे किडे साधे आहेत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुला सांगितलंही होतं. त्यासाठी कुणी रोज तास तास फोन करतं का? तुझ्याशी बोलायला करत होते मी. ही ठणठणीत झाली असती तरी केला असता."

परेश चटकन उठला. "मग आता—"

"आता नाही." तिने पेटी ओढणीत बांधली. "मालकीणबाईंचं मी बघून घेईन. खोली सोडायला सांगितली तर सोडेन."

परेश स्टेशनपर्यंत सोडायला येतो म्हणाला, तर तिने नको म्हटलं.

आठवड्याने त्याने मेसेज केला, "कमळी कशी आहे?" उत्तर लगेच आलं, "जगली." त्याने घाईघाईने लिहिलं, "फोन करू?" इरावतीने ते वाचलं, हे त्याला दिसलं. उत्तर मात्र त्या दिवशी आलं नाही, आणि नंतरच्या रविवारीही फोन आला नाही.