आमच्या देशात न दिसणारा व्हिडिओ

आमच्या खाडीत बाबांनी वाढवलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मेल्या, तेव्हा कारखान्याच्या नळातून येणारं काळं पाणी मीच मोबाइलवर टिपलं. दुपारपर्यंत सगळा जिल्हा माझा व्हिडिओ बघत होता! संध्याकाळी सरकारनं सांगितलं आणि व्हिडिओ ॲपच्या कंपनीनं तो झाकला. 'तुमच्या देशात उपलब्ध नाही.' आता जिल्ह्याचे साहेब म्हणतात, खोटा होता म्हणूनच ॲपवाल्यांनी काढला, तिसऱ्या उन्हानं मेल्या. सोमवारी साहेबांनी गावाची बैठक बोलावलीय; तिथे हेच ठरलं, तर बाबांना भरपाई मिळणार नाही.

रविवारी आजोबांचं वर्षश्राद्ध होतं. खांगदादा, माझा चुलतभाऊ, सायगॉनहून आला. तो त्याच ॲपच्या कंपनीत आहे. आमच्याकडे पूर्वजांपुढच्या उदबत्त्या विझेपर्यंत कुणी जेवत नाही, उठूनही जात नाही. म्हणजे दादा अडकला!

मी तैवानमधल्या धाकट्या आत्याला व्हिडिओ कॉल लावला.

"आत्या, तुझ्या दुसऱ्या फोनवर माझा व्हिडिओ लाव ना."

"लावते की. इथे चालतोय मस्त."

काळं पाणी भसाभसा वाहू लागलं. शेजारीपाजारी माना वाकवून बघायला लागले.

"दिएप, बंद कर," दादा कुजबुजला. "आजोबांसमोर तरी नको."

"खाडी आजोबांचीच आहे. दादा, खोटा असता तर तैवानमध्ये ठेवला असता तुम्ही?"

"नियम असतात गं. नाही ऐकलं, तर सरकार आख्खं ॲप बंद करेल. मग काकू सुकी कोळंबी कुठे विकणार?"

"माझ्या कोळंबीचं नाव घेऊ नकोस," आई म्हणाली. "मला बाजार आहे."

"झाकला कुणी?" मोठ्या काकांनी, म्हणजे त्याच्याच वडिलांनी विचारलं.

दादा उदबत्त्यांकडे बघत राहिला. "मी. मी नसतो तर दुसऱ्या कुणी झाकला असता, बाबा."

"खरा होता ना?"

"खरं-खोटं आम्ही बघतच नाही. सरकारकडून आलंय का, एवढंच बघायचं."

"बस!" मी ओरडलेच. "हेच उद्या बैठकीत सांग."

"वेडी आहेस का? उद्या मला ऑफिस आहे."

"मला गणिताची परीक्षा आहे. तरी मी जाणार. तू नाही आलास, तर आत्ता बोललास ते मीच सांगेन, तुझ्या नावासकट. आत्या साक्षीला आहे."

"आहेच मुळी!" आत्या तिकडून गरजली.

उदबत्त्या कधीच विझल्या होत्या. काड्या कुणीच उचलल्या नव्हत्या. सगळे दादाकडे बघत होते.

"किती वाजता आहे बैठक?" त्यानं विचारलं.