मुकादमाचा सिनेमा

कॅसेटमधलं काही कायमचं गेलं, असं मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही. बुरशी लागलेली, उन्हात वाकलेली, पोरांनी आत बिस्किट कोंबलेली, कसलीही कॅसेट माझ्या टेबलावर येऊ दे, त्यातलं चित्र कॉम्प्युटरवर चालायला लागल्यावरच ती बाहेर जाते. बाबा लग्नांचं शूटिंग करायचे. दुकान त्यांचं, मशीनं त्यांची, हात माझा. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे सांगते बढाईच, पण खरी आहे म्हणून सांगते.

फक्त एका गिऱ्हाइकापुढे माझी डाळ शिजत नव्हती, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे आमची आई.

आईला बाबांचा आवाज हवा होता. बाबांना जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. तेव्हा काही प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंगवाला फोन नव्हता. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, की चेहरा डोळ्यांपुढे येतो, चालणं येतं, शिंकणंसुद्धा येतं, पण आवाज काही केल्या आठवत नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जगाच्या कॅसेटी वाचवतेस. घरचा एवढा एक आवाज शोधून दे." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शोधला नाही असं नाही. सगळं दुकान पालथं घातलं. पण बाबा कायम कॅमेऱ्यामागे, आणि शूटिंगवाल्याचा आवाज ऐकायला कुणी लग्न करत नाही, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे प्रत्येक लग्नावर त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत संगीत चढवलेलं. तेही एकच, अकॉर्डियनची एक उड्या मारणारी धून. नवरीकडचे रडताहेत आणि वर अकॉर्डियन टणाटण चाललंय, अशी लग्नं त्यांनी शेकड्याने केली.

घरचा म्हणावा असा सिनेमा एकच. मुकादमाचा. मुकादम म्हणजे आमचा तेव्हाचा कुत्रा. घरात कुणीही काम काढलं की हा पुढ्यात येऊन बसणार, थोडा वेळ देखरेख करणार, आणि मग ते काम बिघडवून पळणार, म्हणून नाव मुकादम. बाबांनी त्याच्या खोड्या टिपून, कापून-जोडून छान सिनेमा बनवला होता. मुकादम बादलीसकट आंघोळीतून पळतो. मुकादम पाहुण्यांचा एकेक बूट पलंगाखाली नेतो, जोडीतला एकच, दुसरा शहाणपणाने जागेवर ठेवतो. मुकादम दोरीवरची ओली चादर ओढून अंगणभर फिरवतो. शेजारीपाजारी मुद्दाम बघायला यायचे. चादरीच्या भागात एका जागी चित्र भलतीकडे सरकतं, कुत्रा अर्धा बाहेर जातो. तिथे बाबांचा हात हलला असणार. एवढी एकच चूक, आणि ती मी दर वेळी सगळ्यांना बोट ठेवून दाखवायची.

आईला मात्र त्या सिनेमाचा भारी राग. "कुत्र्यावर सिनेमा काढला या माणसाने," ती म्हणायची, "बायकोचा एक फोटो धड काढला नाही." सिनेमात ती आहे, नाही असं नाही. पण मागे कुठेतरी, हातात झाडू घेऊन धावताना.

आता बाबांच्या मशीनबद्दल सांगते. त्यांचा तो जड व्हीसीआर अजून माझ्याकडे चालतो. त्याच्या तोंडावर एक छोटा खटका आहे, आणि त्यावर बाबांनी चिकटपट्टी लावून ठेवली होती. हात लावायचा नाही, म्हणाले होते. मी मशीनचे पट्टे बदलले, मोटर बदलली, झाकण रंगवलं, पण ती पिवळी पडलेली पट्टी तशीच ठेवली. बाबांनी सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि मग आला बोका. बोका हे माझ्या धाकट्या भावाच्या कुत्र्याचं नाव. भाचीला मांजर हवं होतं, धाकट्याने पिल्लू आणलं, तिने सूड म्हणून नाव बोका ठेवलं. दिवसा त्यांच्या घरी कुणी नसतं, म्हणून स्वारी माझ्या दुकानात. धाकटा म्हणाला होता, ताई, ठेव गं, अगदी गरीब आहे. गरीब कसला! पहिल्याच आठवड्यात माझे हेडफोन खाऊन मोकळा झाला.

त्या दुपारी मी एका गिऱ्हाइकाला सोडायला दारापर्यंत गेले. मागे धाडकन आवाज झाला. वळून बघते तर वायर बोक्याच्या पायात, बाबांचं मशीन जमिनीवर, आणि ती पिवळी पट्टी बोक्याच्या मिशांना चिकटलेली. तो ती जिभेने काढायला बघत होता आणि शेपूट हलवत होता. मी त्याला काय काय म्हणाले ते इथे सांगत नाही. बाबांच्या शिव्या वारशाने माझ्याकडेच आल्या आहेत.

मशीन उचललं, उघडलं, झटकलं, हेड पुसलं. पडलेल्या मशीनमध्ये गिऱ्हाइकाची कॅसेट कधी घालायची नाही, आधी घरची घालायची, हाही बाबांचाच नियम. म्हणून मी मुकादमाचा सिनेमा लावला. चित्र आलं, स्वच्छ. पण अकॉर्डियन नाही. नुसता वारा, बादली पडल्याचा आवाज, भुंकणं. मेलं, मी मनात म्हटलं, आवाजाचा भाग गेला. आणि तेवढ्यात एक माणूस ओरडला, "अरे गाढवा, सोड ती बादली! सोड म्हणतो ना!"

बाबा.

ते कसं, ते सांगते. असल्या कॅसेटवर आवाज दोन जागी असतो. एक आतल्या फितीच्या कडेला आणि एक चित्राच्या जोडीने. मागाहून चढवलेलं संगीत फक्त कडेला जातं, चित्राजवळचा मूळ आवाज तसाच राहतो. दोन्हींपैकी कुठला ऐकवायचा ते तो खटका ठरवतो. गिऱ्हाइकांना आपली आरडाओरड ऐकू जाऊ नये म्हणून बाबांनी खटका कडेच्या आवाजावर ठेवून वर चिकटपट्टी मारली होती, आणि पडताना तोच खटका सरकला. घरचं आमचं मशीन तर साधं, त्याला कडेचंच वाचता यायचं. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं, माझा पोटापाण्याचा धंदा आहे. परक्यांच्या कॅसेटचे दोन्ही आवाज मी नव्या मशीनवर रोज तपासते. पण बाबांची कॅसेट बाबांच्याच मशीनवर लावायची, आणि त्या मशीनची पट्टी काढायची नाही, हा आमच्या घरचा शिरस्ता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पुढचं मी ऐकलं नाही. आईच्या आधी ऐकायचा मला हक्क नव्हता. मशीन बंद केलं आणि धाकट्याला फोन करून सांगितलं, की असशील तिथून ऊठ आणि आईला घेऊन दुकानात ये. बोक्याने काही मोडलं का, त्याने घाबरत विचारलं. मी म्हटलं, हो, ये लवकर.

आई आली ती कुरकुरतच. तिला वाटलं, कुत्रा कुणाला तरी चावला. मी तिला बाबांच्या हातवाल्या खुर्चीत बसवलं आणि मुकादमाचा सिनेमा बघायचाय एवढंच म्हणाले. तो पाठ आहे मला, असं म्हणून ती मांडीवर पिशवी घेऊन बसली.

बादली पडली. अरे गाढवा, सोड ती बादली.

आईची पिशवी मांडीवरून घसरली. ती पडद्याकडे बघतच नव्हती. मान खाली घालून, डोळे मिटून, नुसती ऐकत होती. मागे धाकट्याने मोठ्याने नाक ओढलं. मला रडू आलं, आणि मी डोळे पुसले नाहीत.

मग चादरीचा भाग आला. मुकादम चादर घेऊन सुसाट, आणि मागे झाडू घेऊन आई. तरुण, केस सुटलेले, पोट धरून हसणारी. मी म्हटलं, आई, वर बघ. तिने वर बघितलं. मुकादम थेट कॅमेऱ्यासमोर आला, त्याच्या नाकाने सगळा पडदा भरला, आणि बाबा हळूच, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले,

"सरक रे बाबा बाजूला. तू काय, रोजचाच आहेस. मला ती दिसू दे."

आणि चित्र सरकलं. कुत्रा अर्धा बाहेर गेला आणि आई बरोबर मधोमध आली. हात हलला म्हणून मी जन्मभर बोट ठेवलं ती हीच जागा. हात हललेला नव्हता. बाबांचा हात कधीच हलत नसे.

आईचे गाल भिजले होते, पण आवाज चांगलाच चढला. ती पडद्याला म्हणाली, "तेव्हा काय तोंडाला कुलूप घातलं होतं का हो?"

पडद्यावरची आई चादर घेऊन आत गेली. अंगण रिकामं झालं. कॅमेरा चालूच होता, आणि बाबांनी त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात हाक मारली, "अगं, ऐकतेस का? चहा टाक जरा."

"आले हो," आई म्हणाली, आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठून उभी राहिली.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. तिच्याही लक्षात आलं. मग तिने पिशवी उचलून टेबलावर ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आता उठलेच आहे तर सगळ्यांचाच टाकते." दुकानाच्या मागच्या खोलीत माझी शेगडी असते, तिकडे ती गेली. बोका तिच्या मागोमाग निघाला, देखरेखीला.

मी कॅसेट मागे घेत होते. आतून पातेल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा, की परत पहिल्यापासून लाव, आणि मला इथे ऐकू येईल असं लाव.