परसातली जाळी

पुनम नवऱ्याचं घर सोडून गोरेगाव या खेड्यात माहेरी आली तेव्हा तिच्याजवळ एक सुटकेस आणि दोन कुत्रे होते, भुरी आणि वाघ्या. पिल्लं असल्यापासून तिनंच त्यांना भाकर घातली होती. ती निघाली तेव्हा ते जीपमागं पळत आले, म्हणून जीप थांबवून तिनं त्यांना आत घेतलं.

त्याला आठ महिने झाले. मोठा भाऊ रणजीत तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. ती गावातल्या एका दवाखान्यात केसपेपर लिहायला जायची, आणि ती गेली की कुत्रे गल्लीत सुटायचे. एकदा वाघ्यानं शेजारच्या उत्तमसिंगची कोंबडी धरली. त्या दिवशी रणजीत म्हणाला, "परसात जाळी मारून टाकू. कुत्रे आत राहतील. रविवारी आपण सगळेच लागू कामाला."

'आपण सगळेच' हे ऐकून पुनमला इतकं बरं वाटलं की जाळी आणि लोखंडी अँगल तिनंच पगारातून आणून टाकले.

रविवारी सकाळीच काम सुरू झालं. आबा, म्हणजे वडील माणिकराव, पहारीनं खड्डे घेत होते आणि पुनम हातानं माती उपसत होती. ज्योतीवैनीनं सिमेंट कालवलं. धाकटी बहीण राजनंदिनी अँगल सरळ धरून उभी राहिली. माय दोनदा चहा घेऊन आली. पक्कडीनं तार पिळता पिळता रणजीत हसून म्हणाला, "लहानपणी बी तू अशीच मातीत बसायचीस." पुनमला भरून आलं. ती मान खाली घालून माती उपसत राहिली.

आखणीची सुतळी रणजीतनंच धरली होती. ती घराच्या मागच्या भिंतीला चिकटून गेली तशी कडबा ठेवायची पत्र्याची खोलीही आत आली.

"खोली काहून आत घेऊन राहिला, दादा?"

"कुत्र्यांला उन्हाची सावली नको का?"

तिला ते पटलं.

दुपार कलली तेव्हा जाळी ताठ उभी होती. फाटक मागच्या गल्लीकडं होतं. घराकडून आत जायला जागाच नव्हती. ती विचारणार, तेवढ्यात ज्योतीवैनी तिची गादी आणि सुटकेस घेऊन बाहेर आली आणि जाळीपाशी ठेवून उभी राहिली.

"माझी गादी काहून आणली, वैनी?"

"बेस्तवारी राजनंदिनीला पाहायला पाव्हणे येऊन राहिले. मागच्या पाव्हण्यांनी बी विचारलं होतं, मोठी घरी काहून बसली म्हणून. मग काय सांगावं आमी?"

पुनमनं आबांकडं पाहिलं. ते पहार धूत होते.

"थोड्या दिवसांची तर गोष्ट हाय," ते म्हणाले.

"तुमा सगळ्यांला आधीपासून माहीत होतं?"

राजनंदिनीनं हाताला लागलेलं सिमेंट खरवडायला सुरुवात केली. माय म्हणाली, "लहानीचं जमू दे, बाई."

गुरुवारी वैनीनं तिला सुट्टी घ्यायला लावली, कुत्रे भुंकू नयेत म्हणून. पुनम पत्र्याच्या खोलीत दोघांच्या माना धरून बसली. तरी वाघ्या भुंकलाच. पुढच्या दारातून कोणीतरी विचारलं, "कुत्रे तुमचे का?"

"न्हाई," आबांचा आवाज आला. "शेजारणीचे. एकटीच बाई हाय."

सोयरीक जमली. लग्न वसमतला झालं. घराकडं कोणीतरी पाहिजे म्हणून पुनमला मागं ठेवलं. वऱ्हाड परत आल्यावर चार दिवस वाट पाहून तिनं जाळीतूनच रणजीतला विचारलं, "आता घराकडून एक फाटक करायचं का?"

"राहू दे," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या लेकराला कुत्र्यांची भीती वाटते."

तेच लेकरू सकाळी जाळीतून हात घालून भुरीला बिस्कीट चारून गेलं होतं.

पुनमनं पुन्हा विचारलं नाही. पुढच्या पगाराला तिनं गॅसची शेगडी, तवा आणि दोन ताटल्या आणल्या. संध्याकाळी मायनं जाळीवरून भाजीची वाटी पुढं केली.

"माझा स्वयंपाक झालाय," पुनम म्हणाली आणि खोलीत गेली. तिनं अजून शेगडी पेटवलीही नव्हती.