मोलिनेत्तो फाट्यावरचा बाण

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे. धनुष्यातून सुटलेला नव्हे. मी पत्र्याचा आहे, खांबावर बसवलेला आहे, आणि माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात एक सायकल काढलेली आहे. आमची नदी जिथे समुद्राला मिळते, त्या फाट्यावर मी उभा असतो. सायकलवाल्यांनी कुठून जायचं ते दाखवणं, एवढंच माझं काम. इतकं साधं काम, पण लोक ते मला धड करू देतील तर शपथ!

डावीकडचा रस्ता समुद्राच्या कडेकडेने कापोनेरो गावाला जातो. उजवीकडचा नदीच्या खोऱ्यातून, ऑलिव्हच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमधून मोलिनेत्तोला. पुढे डोंगरावरच्या खिंडीत दोन्ही रस्ते एकमेकांना मिळतात. म्हणजे कुठूनही निघालात तरी फेरी मारून पुन्हा माझ्याच पायाशी येता. मग बाण हवाच कशाला, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात, पण उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही.

तुम्ही तरी ऐका. कापोनेरोहून खिंडीकडे चढणारा रस्ता एका अरुंद घळीतून जातो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणं अशी की पुढचं काहीच दिसत नाही. मोटारवाले तिथे हॉर्न वाजवतात. सायकलवाले काय वाजवणार? घंटीचं म्हणे वजन होतं! पाठीच्या खिशात चार केळी चालतात, घंटी चालत नाही. सगळे समुद्राकडून आले, तर घळीत सगळे चढत असतात, धापा टाकत, सावकाश. पण काही जण खिंडीतून सुसाट खाली आले, तर समोरासमोर गाठ पडते. मी इथे येण्याआधी तसं एकदा झालं. आमचा पोस्टमन त्यानंतर कधी सायकलवर बसला नाही.

म्हणून तुल्लिओकाकांनी मला बनवलं. ते रस्त्याची निगा राखायच्या नोकरीत होते. जुन्या पत्र्यातून त्यांनी मला कापलं, घासलं, रंगवलं आणि माझं तोंड समुद्राकडे केलं. फक्त एक घोळ केला. हिवाळी वादळात लाटांबरोबर दगड येतात आणि किनाऱ्याचा रस्ता बंद होतो. तेवढ्यापुरता मला खोऱ्याकडे वळवता यावं म्हणून त्यांनी मला एकाच मोठ्या नटबोल्टवर बसवलं. तोच नटबोल्ट माझ्या मुळावर आला.

त्याचं असं झालं. आमच्याकडे सायकलवाला पहिल्या गावात उभ्याउभ्या एक कॉफी पितो आणि निघतो. चर्चची दुपारची घंटा व्हायच्या आधी कोणी ताटाला हात लावला, तर लोक त्याला बरं नाही का म्हणून विचारतात. जेवण होतं ते दुसऱ्या गावात, ऐसपैस, बाटली उघडून. म्हणजे बाण समुद्राकडे असला की कापोनेरोला कॉफी आणि मोलिनेत्तोला जेवण. आणि मोलिनेत्तोतली एकुलती एक खाणावळ कोणाची? तुल्लिओकाकांच्या बायकोची, फोस्कामावशींची. झालं! कापोनेरोत मासळीची खाणावळ चालवणाऱ्या आम्पेलिओशेठना ते सहन होईना.

"बाण कसला तो!" ते माझ्यासमोर उभे राहून ओरडायचे. "नवऱ्याचं बोट आहे ते, बायकोच्या हंड्याकडे दाखवणारं!"

"अरे, ती घळ बघ की जरा," तुल्लिओकाका म्हणायचे.

"बघतो ना. त्या घळीतून मला फोस्काच्या सशाच्या रश्श्याचा वास येतो."

मग काय, दुपारी सगळं गाव खिडक्या लोटून आडवं झालं, की आम्पेलिओशेठ आपल्या तीनचाकी टेम्पोतून पाना घेऊन यायचे आणि मला खोऱ्याकडे फिरवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आपल्या आर्टिचोकच्या भाजीला पाणी घालायला यायचे आणि मला परत समुद्राकडे वळवायचे. त्यांचे वाफे माझ्या शेजारीच आहेत. वर्षानुवर्षं हेच! माझी मान कुरकुरायला लागली. त्यात येणारा-जाणारा माझ्यावर चिकटपट्ट्या डकवतो, ओले हातमोजे वाळत घालतो, मला टेकून फोटो काढतो. मी कुठे बोट दाखवतोय ते मात्र एकालाही बघायचं नसतं.

आता त्या रविवारचं सांगतो. दर मे महिन्यात आमच्याकडे मोठी सायकलफेरी निघते. तुरिन, मिलानपासून लोक येतात. आधी गावच्या क्लबची टोळी निघाली. तिच्यात आम्पेलिओशेठची मुलगी नीवेस होती. ती पोरगी चढाला भल्याभल्यांना मागे टाकते. मी समुद्राकडे तोंड करून होतो, टोळी समुद्राकडे गेली. सगळं कसं व्यवस्थित.

बाहेरगावची टोळी अजून यायची होती. तुल्लिओकाका वाफ्यात वाकलेले. तेवढ्यात टेम्पो धडधडत आला. आम्पेलिओशेठ रागाने लाल झालेले. त्यांनी पाना लावला, मला गरकन खोऱ्याकडे फिरवलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावून कुरकुरलो, पण गंजलेल्या पत्र्याचं कोण ऐकतो? पाठोपाठ बाहेरगावची टोळी आली. त्यांना रस्ता कुठे माहीत? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळे उजवीकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांनी माझं ऐकलं, आणि ते असं!

सायकली खोऱ्याकडे वळताना दिसल्या, तसे काका वाफ्यातून वर आले.

"आम्पेलिओ, हे तू केलंस?"

"वाऱ्याने फिरला असेल."

"वारा पाना घेऊन आला होता वाटतं! पहिली टोळी कुठून गेली?"

"समुद्राकडून. माझ्याकडे कॉफी ढोसली आणि निघाली. आज मासळी काय आहे, असं एकाने विचारू नये? आमची नीवेससुद्धा तशीच! बापाच्या दारात येऊन उभ्याउभ्या घोट घेतला आणि चालली वर घळी..."

ते तिथेच थांबले. पाना त्यांच्या हातातून खाली पडला.

काकांनी फोन काढला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन सगळ्या फाट्याला ऐकू जातो.

"फोस्का, खालून सायकलवाले येताहेत. त्यांना खिंडीकडे जाऊ देऊ नकोस. वरून घळीत उतरतील, आणि क्लबची पोरं घळीत चढताहेत!"

"अरे देवा! थांबवू कशी? कॉफी देऊ?"

"कॉफी उभ्याउभ्या पितील आणि निघतील. तेवढ्याने नाही थांबायचे."

"मग काय जेवायला घालू? सकाळी दहाला? कोण बसेल?" आणि फोन बंद झाला.

आम्पेलिओशेठनी नीवेसला फोन लावला. वाजत राहिला. सायकल चालवताना कोण उचलतो? दुसऱ्यांदा लावला तर लागलाच नाही, घळीत लागत नाहीच. टेम्पो काढून जावं, तर तो चढाला पायी चालणाऱ्याच्याही मागे पडतो. शेवटी ते माझ्या खांबाशी खाली बसले.

"ती चढताना मान खाली घालते, तुल्लिओ," ते म्हणाले. "समोर बघतच नाही. लहानपणापासून सांगतोय तिला."

मला वाटत होतं, काका, बोला हो, चांगलं खडसवा यांना! पण काका नुसते शेजारी बसून राहिले. मला दोघांचाही भयंकर राग आला होता. आणि भीतीही वाटत होती, ते का लपवू?

फोन वाजला. मागे ताटल्यांचा आणि भांडणाचा आवाज.

"थांबवले!" फोस्कामावशी ओरडल्या. "होती नव्हती तेवढी टेबलं रस्त्यात आडवी लावली. माझ्या दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत! शिव्या देताहेत मला. एक तुरिनचा म्हणतो, पोलिसांना बोलावतो. म्हटलं बोलाव बाबा, त्यांनाही वाढते. ससा अजून कच्चा आहे, फोकाच्चा पाव देतेय गरम गरम."

"सगळे थांबले ना?" काकांनी विचारलं.

"टेबलं बाहेर काढेपर्यंत दोघं निसटले. हाका मारल्या मी. त्यांनी हात हलवला आणि गेले."

आम्पेलिओशेठनी तोंड झाकून घेतलं. त्यानंतर किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. माझ्या पाठीमागे समुद्र नेहमीसारखा गाजत होता आणि मला ते ऐकवत नव्हतं.

शेवटी नीवेसचाच फोन आला, कोणाच्या तरी मोटारीतून. ते दोघं वळणावर तिच्या समोर आले होते. एकाने ब्रेक दाबला तो घसरत तिच्या अंगावर आला. ती कड्याच्या बाजूला आपटली. दरीच्या बाजूला असती तर हा फोन आला नसता. खांद्याचं हाड मोडलं होतं. त्या वळणावर दोनाऐवजी ती अख्खी टोळी आली असती, तर काय झालं असतं ते मनात आणायचीही माझी हिंमत होत नाही.

आठवडाभरात आम्पेलिओशेठ गावातून वेल्डिंगचं यंत्र घेऊन आले. त्यांनी मला समुद्राकडे वळवलं आणि नटबोल्ट कायमचा डागून टाकला. तुल्लिओकाका यंत्राची वायर धरून उभे होते.

"नीट समजावून सांगायला काय झालं होतं रे तुला?" शेठ म्हणाले.

"इतकी वर्षं दुसरं काय करत होतो?"

"सांगत होतास. पण खाणावळ तुझ्या बायकोची ना! मग खरं कसं वाटणार?"

बघा आता! आता किनाऱ्याचा रस्ता बंद झाला की माझ्या डोक्यावर पोतं घालतात. घाला. निदान मान तरी शाबूत राहते.

तर ते वेल्डिंग चालू होतं, त्याच वेळी नीवेस आली. हात गळ्यात बांधलेला. ती वडिलांकडे बघत माझ्याजवळ उभी राहिली.

"बाबा, बाण फिरवलात, तेव्हा मी वर घळीत आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

आम्पेलिओशेठ काळी काच तोंडापुढे धरून होते. ती त्यांनी काढली नाही.

"कॉफी तर तुम्हीच दिलीत मला," ती म्हणाली.

"माहीत होतं," ते म्हणाले. "रागाच्या भरात ते मनात आलंच नाही."

मित्रांनो, मला रंग लावला नाही, पुसलं नाही तरी चालेल, वाटलं तर ओले हातमोजेही घाला. पण माझं तोंड फिरवू नका. माझंच नव्हे, रस्त्यावरच्या कुठल्याच पाटीचं. मला वाटायचं, पलीकडून कोण येतंय हे माहीत नसतं म्हणून माणसं असं करतात. त्यांना कोणी सांगितलं तर ती थांबतील. पण त्या दिवशी सांगायला काहीच उरलं नव्हतं. ज्यांनी मला फिरवलं, त्यांची स्वतःची मुलगी पलीकडून येत होती, आणि त्यांना ते माहीत होतं.