कोरा कागद

कापसाच्या बोळ्याने गजेंद्र फॉर्मवरचं कुंकू टिपत होता आणि जितकं टिपावं तितकं ते पसरत होतं. आधी वाटाण्याएवढा असलेला ठिपका आता चांगला बोराएवढा झाला होता. शेवटी त्याने बोळा फेकून दिला.

"आई, हे तुनं काहून लावलं?"

मनकर्णाबाई ओसरीत शेवंतीची फुलं निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "कागद लंब्या गावाले चालला ना. कोरा कसा धाडाव?"

"लग्नाची पत्रिका हाय का हे? जपानच्या सरकारचा फॉर्म हाय!"

"मंग? जपानात देव नाई का?"

बाई उठल्या. शेजारच्या चंदाची वाटी सकाळपासून धुऊन पालथी ठेवली होती, तिच्यात दोन लिंबं टाकली आणि ती परत द्यायला निघून गेल्या. मुलाच्या डोक्यावर आभाळ कोसळलंय, याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

गजेंद्रने साडेचार वर्षं जपानमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरी केली होती. तिथे दर महिन्याच्या पगारातून पेन्शनचे पैसे कापले जात. देश सोडून जाणाऱ्याला ते एकरकमी परत मिळतात, पण अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. वडिलांना, भगवंतरावांना, लकवा मारला म्हणून तो नोकरी सोडून अचलपूरला परतला, आणि वडिलांचं करण्यात, मळा सांभाळण्यात 'आज करू, उद्या करू' म्हणता म्हणता दोन वर्षं सरत आली. आता अकरा दिवस उरले होते. फॉर्मवर बँकेचा शिक्का लागतो, आणि त्या एका शिक्क्यासाठी त्याने अमरावतीला तीन चकरा मारल्या होत्या. पहिल्या दिवशी बाबूने फॉर्म उलटा धरून पाहिला, दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर होते, आणि तिसऱ्या दिवशी साहेबांनी चष्मा पुसून पुसून अख्खा फॉर्म वाचला आणि एकदाचा शिक्का हाणला. उद्यापासून बँकेला तीन दिवस सुट्टी होती. आईने ठिपका लावला तो नेमका त्या शिक्क्याच्या कडेला.

पैसे त्याला चैनीसाठी नको होते. न्हाणीघर घराच्या मागे, तीन पायऱ्या उतरून होतं. तिथवर भगवंतरावांना नेणं एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून आंघोळ अंगणात, दोरीवर टाकलेल्या लुगड्याच्या आडोशाला. लुगडं वाऱ्याने उडायचं. रस्त्याने जाणारा एखादा भला माणूस "काय भगवंतराव, बरं हाय ना?" म्हणून हाक मारायचा. ज्या माणसाने जन्मभर मळ्यातसुद्धा अंगातला सदरा काढला नाही, तो त्या वेळी डोळे घट्ट मिटून घ्यायचा, पाणी संपेपर्यंत. ते मिटलेले डोळे गजेंद्रला पाहवत नव्हते. खोलीला लागूनच न्हाणीघर बांधायचं, भिंतीला धरायला दांडे लावायचे, हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. अडलं होतं ते या कागदापाशी.

त्याने फॉर्मचा फोटो काढून हायाशीबाईंना पाठवला. वृद्धाश्रमात त्या त्याच्या वरिष्ठ होत्या. परत मिळणाऱ्या पैशातून आधी कर कापला जातो आणि तो सोडवायला जपानात राहणारं कुणीतरी लागतं. ते काम बाईंनी तो निघाला तेव्हाच, न मागता अंगावर घेतलं होतं. फॉर्मही आधी माझ्याकडे पाठव, मी तपासून पुढे देते, असं त्यांनी बजावलं होतं.

तासाभराने उत्तर आलं. शिक्का वाचता येतोय. डागाबद्दल मी वेगळी चिठ्ठी जोडते. आजच टपालात टाक. आणि खाली एक प्रश्न होता: आईंनी हे कशासाठी लावलं?

'पैसे मिळावेत म्हणून,' असं त्याने लिहिलं आणि फॉर्म टपालात टाकायला अमरावतीची एसटी पकडली.

पुढचे पाच महिने त्याने कसे काढले, ते त्याचं त्यालाच ठाऊक. फॉर्म मुदतीत पोचल्याचं बाईंनी कळवलं होतं, पण पुढे काहीच हालचाल नव्हती. कुंकवावरून त्याने आईला दोनदा बोलून घेतलं. आई ऐकून घ्यायची आणि चहा टाकायची.

मग एका दुपारी बँकेचा मेसेज आला. पैसे जमा झाले होते. गजेंद्र उठला, सरळ मिस्त्रीच्या घरी गेला, आणि दिवाळीच्या आत न्हाणीघर उभं राहिलं. खडबडीत फरशी, दोन दांडे, बसायला पाटासारखी खुर्ची आणि आतून कडी. भगवंतरावांनी चांगला हात दांड्यावर ठेवून तो दोनदा हलवून पाहिला. दांडा हलला नाही.

कराचे पैसे उन्हाळ्याच्या तोंडावर आले, अगदी पै न् पै. मागोमाग हायाशीबाईंचं एक पाकीटही आलं. गजेंद्रने ओसरीतच ते फोडलं. आत चिठ्ठी होती आणि घडी घातलेला एक पांढरा, पातळ, वापरून मऊ झालेला टॉवेल.

"कोनाचा हाय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"आश्रमातल्या मोरीआजोबाचा." चिठ्ठी वाचता वाचता तो सांगू लागला. "चार वर्षं मीच आंघोळ घालत होतो त्यायले. बाईनं त्यायले आपल्या घरचं सांगतलं, त त्यायनं हे देल्लं. बाबासाठी."

मनकर्णाबाईंनी टॉवेल दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला.

"पाह्य बरं. त्यायच्यातही रिकामं नाई धाडत."

"तुह्यं कुंकू पावलं म्हन, आई," गजेंद्र हसत म्हणाला. "पैसे आले ना सारे."

"मी काय पैशासाठी लावलं होतं का रे?"

गजेंद्रने चिठ्ठी खाली ठेवली.

"तू बापाच्या अंगावर पानी टाकतं ना, त पयले सांगतं. 'बाबा, आता पाय. बाबा, आता पाठ.' हे मी शिकवलं काय तुले? मी त भडाभडा ओतत होती, अन् ते दचकत होते." बाईंनी पदराने नाक पुसलं. "ज्या घरानं माह्या पोराले हे शिकवलं, त्या घरी कोरा कागद धाडू? चंदाची वाटी नाई धाडत मी रिकामी."

वृद्धाश्रमाच्या न्हाणीघरात मोरीआजोबांनीच गजेंद्रला ते शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने थेट पाठीवर पाणी घातलं, तेव्हा म्हातारा रागावला नव्हता. त्याने गजेंद्रचा हात धरून आपल्या पावलावर ठेवला आणि म्हणाला होता, इथून सुरू कर, आणि सांगत जा. आपण दोघं गाजर-मुळा पिकवणारी माणसं, असंही तो म्हणायचा. आपल्याला पाण्याची रीत कळते. आईला जे दिसलं, ते स्वतःला इतक्या वर्षांत एकदाही दिसू नये, याची त्याला मनापासून लाज वाटली आणि बरंही वाटलं. त्याने फोन काढला. हायाशीबाईंना जवळपास वर्षभर जुन्या प्रश्नाचं नवं उत्तर लिहिलं. लांबलचक झालं.

संध्याकाळी त्याने पाणी कोमट केलं. खुर्चीत बसवून वडिलांचा हात दांड्यावर ठेवला, कडी लावली.

"बाबा, आता पाय."

भगवंतराव डोळे उघडे ठेवून बघत होते. टॉवेल भिजवून त्याने पावलं चोळली, मग पोटऱ्या.

"बाबा, आता पाठ."

पाठीवरून टॉवेल दोनदा फिरला. लकव्यानंतर त्यांचे शब्द तोंडातच अडखळायचे; त्यांना वेळ द्यावा लागे. गजेंद्र थांबला.

"हा त्या बुढ्याचा?"

"हो, बाबा."

पाणी फरशीवरून जाळीकडे वाहत गेलं. भगवंतरावांनी दांडा घट्ट धरला.

"त्याले आता... कोन सांगते? आता पाठ म्हनून?"

गजेंद्रच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"विचारतो, बाबा," तो म्हणाला. "आजच विचारतो."